मेट्रनबाईंनी आतून कडी लावली

मेट्रनबाईंचा आवाज पहिल्यापासून मोठा. इस्पितळात होत्या तेव्हा त्या वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या की त्या टोकाचा पेशंट निमूट औषध गिळायचा, आणि शिकाऊ डॉक्टर मागच्या दाराने सटकायचे. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, गुडघे गेले, एक कान कामातून गेला, पण आवाज जिथल्या तिथे. इमारतीत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. पोटचा मुलगासुद्धा चिडला की तेच म्हणे. तर त्या आवाजापायी एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली, त्याची ही हकिगत.

इमारत दहा मजली, लिफ्ट एकच, आणि तीही लहरी. खाली फाटकाशी एक बाक होता. त्यावर सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्यांची बैठक बसायची: मेट्रनबाई, कॅशियर म्हणून निवृत्त झालेले बँकवाले, शिंपीकाका, आणखी दोघं-तिघं. जग कसं बिघडलं आहे यावर सगळ्यांचं एकमत असल्यामुळे गप्पा छान रंगायच्या. पण गप्पा कितीही रंगल्या तरी लघवी थांबत नाही. वर जावं तर लिफ्ट बंद, जिना चढावा तर मधल्या मजल्यावर काय होईल त्याचा भरवसा नाही. म्हातारपणाला आयुष्याची संध्याकाळ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा प्रोस्टेटचा त्रास नसावा. बँकवाले तर खाली उतरण्याआधी पाणीच प्यायचे नाहीत, आणि त्यावरून मेट्रनबाईंची बोलणी खायचे.

ही अडचण सोडवली ती जिनेवालीने. जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली होती आणि तिच्या मागच्या अंगाला लहानसा संडास. पूर्वीचा वॉचमन तिथे राहायचा. तो वारला, एजन्सीचे पाळीपाळीने येणारे गणवेशवाले आले, आणि त्याची बायको आणि मुलगी तिथेच राहिल्या. बायको सगळ्या इमारतीचे जिने धुवायची, चार घरची भांडी घासायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि राहा असंही म्हटलं नव्हतं. एकदा लिफ्टपाशी चुळबुळत उभे असलेले बँकवाले तिने पाहिले.

"काका, आमच्यात जा की. लाजता काय एवढं?"

त्या दिवसापासून सगळा बाक तिच्याकडे जायला लागला. ती बादली भरून ठेवायची, साबण ठेवायची, उठताना धरायला म्हणून भिंतीला तिने जाड दोरही बांधला. हे सगळं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं बोलायचं तर कुणी तिचे आभारही मानले नव्हते. मिळतंय म्हटल्यावर आपण घेत जातो, तसंच.

मग इमारतीची सभा झाली. चेअरमन तरुण, गोडबोल्या, सगळ्या म्हाताऱ्या बायकांना मावशी म्हणणारा. मेट्रनबाई उभ्या राहिल्या आणि ज्येष्ठांसाठी खाली एक संडास हवा म्हणून त्यांनी त्याला धारेवर धरलं.

"मावशी, पटतंय मला. पण जागा कुठाय? खोदकाम, पाइप, सगळाच व्याप."

"जागा नाही काय म्हणता?" मेट्रनबाईंचा आवाज चढला. "पंपाशेजारी आहे ना संडास! चांगला चालू आहे. स्वच्छ आहे. आम्ही सगळे तोच तर वापरतो!"

चेअरमन थबकला. "वॉचमनच्या खोलीतला? तो तुम्ही सगळे वापरता?" त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "मग प्रश्नच मिटला की. खोली मोकळी करून घेऊ. आत ज्येष्ठांना बसायला जागा, पुढे कमिटीचं टेबल. मावशी, छान सुचवलंत!"

बँकवाल्यांनी जागच्या जागी अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. तिथे माणसं राहतात, एवढंच मेट्रनबाईंना म्हणायचं होतं, पण जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही. सभेच्या खुर्च्या मांडायला जिनेवालीच आली होती. ती मागे भिंतीशी उभी होती. सभा संपल्यावर तिने सगळ्या खुर्च्या गोळा केल्या आणि एकावर एक रचून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई चेअरमनच्या दारात.

"अहो मावशी, मागणी तुमची. मी फक्त पुरी करतोय," तो म्हणाला. "तिला महिन्याची मुदत दिलीय. बहीण आहे म्हणे तिची, गावाच्या पार त्या टोकाला. आणि उद्या तुमच्यातलं कुणी जिन्यात पडलं तर जाब कोण देणार?"

त्याने त्यांना हाताला धरून लिफ्टपर्यंत सोडलं. त्याला ती खोली केव्हाची हवी असणार. एका विधवेला बाहेर काढायला चांगलंसं कारण तेवढं सापडत नव्हतं, ते म्हाताऱ्यांनी आयतं हातात दिलं. बहिणीच्या घरून पहाटेच्या कामाला पोचणं शक्य नव्हतं. म्हणजे खोलीबरोबर कामंही जाणार, आणि मुलीची शाळाही.

बाकावर त्यांनी विषय काढला तर बँकवाल्यांनी मान फिरवली.

"आपण काय तिला रस्त्यावर काढतोय? आणि आपलं काय हो? आपली किती वर्षं उरलीत? जरा सुखाने बसायला मिळालं तर कुणाचं काय जातंय?"

"तिचं जातंय."

"खोली मागितली तुम्हीच."

एक गोष्ट मेट्रनबाईंनी कुणाला सांगितली नाही. पंख्याखाली, पाठीला टेका देणाऱ्या खुर्चीत, चार पावलांवर संडास अशा त्या खोलीचं चित्र त्यांच्याही डोळ्यांपुढे येऊन गेलं होतं, आणि त्यांना ते आवडलं होतं. आपण दिवसभर कुरकुरतो, की आपल्याकडे कुणी बघत नाही, मुलं विचारत नाहीत, बँकेतला पोरगा मान वर न करता बोलतो. पण आपण तरी कुणाकडे बघतो? म्हातारं झालं म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही, हे त्यांनी वॉर्डात हजारदा पाहिलं होतं. स्वतःच्या बाबतीत ते पाहायची वेळ आता आली, आणि त्यांना स्वतःचाच संताप आला.

त्या पंपाशेजारच्या खोलीत गेल्या. जिनेवाली भाजी निवडत होती.

"माझ्या तोंडून गेलं गं."

"माहितेय. मी तिथंच होते ना." तिने मान वर केली नाही. पुढची जुडी उचलत म्हणाली, "बादली भरलीय. जाऊन या."

मेट्रनबाई गेल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी मुलावर, सुनेवर, टीव्हीवर, सगळ्यांवर आगपाखड केली. महिनाभर त्या भेटेल त्याला अडवून बोलल्या. पहिल्या मजल्यावरच्यांनी ऐकून घेतलं, चौथ्यावरच्यांनी दार लोटलं, बाकीच्यांनी 'बघू' म्हणून वाटेला लावलं. बाकावर त्यांच्याशेजारची जागा रिकामी राहायला लागली.

मुदत संपली त्या सकाळी चेअरमन, दोन गणवेशवाले आणि कुलूप बदलणारा कारागीर पंपापाशी हजर झाले. जिनेवालीचं सामान बाहेर आलं होतं: दोन गाठोडी, एक ट्रंक, स्टोव्ह, मुलीची पुस्तकं. मुलगी शाळेत होती. तिला शेवटचा दिवस बुडवायचा नव्हता. मेट्रनबाई जिना उतरून आल्या, धापा टाकत.

"जरा जाऊन येते," त्या म्हणाल्या.

म्हातारी बाई, नाही कोण म्हणणार? सगळे बाजूला झाले. त्या खोलीतून मागे गेल्या, संडासात शिरल्या, आणि आतून कडी लावली.

बराच वेळ गेला. दारावर टकटक झाली.

"मावशी, झालं का?"

"म्हातारपण आहे. वेळ लागतो."

आणखी वेळ गेला. आता टकटक जरा जोरात.

"ऐका," मेट्रनबाई आतून म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज पुन्हा वॉर्डातला झाला. "ही खोली हिचीच राहील असं सगळ्यांदेखत म्हणा, मग मी बाहेर येते. तोवर घाला कुठे कुलूप घालायचं ते. मला आत ठेवून घाला!"

बाहेर एकच गलका उठला. आत त्या उपड्या डब्यावर बसल्या होत्या, गुडघे पेटले होते. हवा कोंडली होती आणि पाठीमागे पंप गुरगुरत होता. चक्कर आली तर आपण इथेच पडणार, हे त्यांना कळत होतं. आणि पडलो तर लोक हसतील, हेही. हातातला फोन वाजला. मुलगा.

"आई, अगं काय चालवलंयस? सगळी बिल्डिंग जमलीय. लोक हसतायत."

"हसू दे. तूही हस."

"गोळी घेतलीस का ब्लडप्रेशरची?"

"घेतली. ठेव फोन."

"बिजागरी काढ," बाहेर चेअरमन म्हणाला. गोडवा संपला होता.

"आत बाईमाणूस आहे साहेब," कारागीर म्हणाला. "मी नाही काढायचो."

"मग मी काढतो. आण इकडे तो स्क्रूड्रायव्हर."

बिजागरीत काहीतरी खरखरलं. मेट्रनबाईंनी दोन्ही हातांनी कडी दाबून धरली. आपल्या हातात आता किती जोर उरला आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात खरखर थांबली. दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"मेट्रनबाई..." आवाज अगदी खाली. "मी आहे. बँकवाले. लिफ्ट बंद आहे. जरा... उघडता का? मला फार..."

तो आवाज त्यांना ओळखीचा होता. बँकवाल्यांचा म्हणून नाही. खाटेवर पडलेली मोठमोठी माणसं, अधिकारी, पैलवान, नर्सला भांडं मागताना याच आवाजात मागायची. त्या आवाजाला त्यांनी नोकरीभर एकदाही थांबवून ठेवलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप कडीवर सरकला.

"बघा, मावशी," चेअरमन घाईघाईने म्हणाला. "तुमच्याच माणसाचे हाल करताय. उघडा!"

हात तिथेच थांबला. उघडलं तर त्यांच्याआधी चेअरमन आत येणार. नाही उघडलं तर एका म्हाताऱ्या माणसाची इतक्या लोकांसमोर शोभा होणार. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"उघडा बाई," बाहेरून जिनेवाली म्हणाली. "काकांना जाऊ द्या. माझं काय व्हायचं ते होईल."

"बँकवाले," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी कडी काढली की हा आत शिरेल आणि हिची खोली गेली. माझ्याच्याने हे ठरवणं होत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर या घटकेला उघडते. खरंच उघडते."



"काका, सांगा ना त्यांना," चेअरमन म्हणाला.

"नका उघडू," बँकवाले म्हणाले.

मग कुणीतरी 'अरेरे' म्हटलं, एक पोरगी फिसकन हसली आणि तिच्या आईने तिला गप्प केलं. दाराखालच्या फटीतून मेट्रनबाईंना बँकवाल्यांच्या चपला दिसत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. फरशीवरून ओल हळूहळू पसरत आली.

चेअरमन खाकरला. "अहो बाई, फडकं आणा. पुसून घ्या ते."

"तिने हात लावायचा नाही." बँकवाल्यांचा आवाज आता सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "फडकं मला द्या. आणि चेअरमन, या खोलीला अनुमोदन मी दिलं होतं. ते मी मागे घेतो. आम्हाला ही खोली नको."

"पण तुमच्यासाठीच तर..."

"आमच्या नावाने हिला काढायचं नाही," शिंपीकाका मागून म्हणाले. "नको म्हटलं ना. मलाही नको."

बाकावरची बाकीची मंडळीही पुढे सरकली. कुणी भाषण केलं नाही, नुसती 'नको, नको' अशी पुटपुट झाली. ज्येष्ठांची मागणी म्हणून मोकळी करायला निघालेली खोली ज्येष्ठच नको म्हणाले, तेव्हा चेअरमनकडे उघड बोलता येईल असं कारण उरलं नाही. "ठीक आहे, ठीक आहे. राहू दे तिलाच," तो म्हणाला, सगळ्यांदेखत, पण कुणाकडेही न बघता. कारागिराने स्क्रूड्रायव्हर परत मागून घेतला आणि पिशवीत टाकला.

मेट्रनबाईंनी कडी काढली. दोराला धरून त्या उठल्या आणि बाहेर आल्या. बँकवाले भिंतीला एक हात टेकून उभे होते, पॅंट गुडघ्यांपर्यंत भिजलेली, मान ताठ. दुसऱ्या हातात फडकं होतं. त्याचं एक टोक जिनेवालीने पकडलं होतं आणि ते काही सोडत नव्हते. मेट्रनबाईंनी दोघांच्या हातून ते काढून घेतलं.

"तुम्ही आत जा आधी. बादली भरलेली आहे. कपडे मी वरून मागवते."

ते आत गेले, दार लावून घेतलं. जिनेवालीने एक गाठोडं उचललं, खोलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, आणि दुसरं आणायला बाहेर आली. मेट्रनबाई तशाच दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसल्या आणि फरशी पुसायला लागल्या.