लोहडीत गेलेली खताची पेटी

निर्मलाताई गेल्याचं मला हॉस्पिटलातून फोनवर कळलं आणि थोड्याच वेळात आमच्या ब्लॉकच्या ग्रुपवरही बातमी झळकली. ‘बहुत नेक आत्मा थीं.’ खाली जोडलेल्या हातांची ही लांब रांग. मी फोन उलटा करून ठेवला. नेक आत्मा म्हणे! या लोकांनी ताईंचं जिवंतपणी काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ताई मूळच्या सांगलीच्या. चंडीगडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि तळमजल्यावर एकट्याच राहिल्या; मी त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. घरामागच्या कोपऱ्यात त्यांची लाकडी खताची पेटी होती. ब्लॉकमधल्या निम्म्या घरांचा ओला कचरा तिच्यात जायचा. मातीला टेकलेल्या फळ्या दर हिवाळ्यात कुजायच्या आणि ताई त्या बदलायच्या, पण नवं लाकूड आणायचं नाही हा हट्ट. सेक्टर बावीसच्या फळवाल्यांकडची सफरचंदाची मोडकी खोकी, झाकणाला कुणाच्या तरी कूलरचा पत्रा, बिजागऱ्यांच्या जागी सायकलच्या टायरचे तुकडे. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायच्या. लोहडीच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या आदल्या रात्रीच्या शेकोटीच्या सणाच्या, आधी तर त्यांची चंगळ. शेकोटीसाठी लोक जुने दरवाजे, खाटांचे पाय पार्कात आणून टाकत आणि ताई त्या ढिगातून बऱ्या फळ्या ओढून काढत. “आंटीजी, ये तो लोहड़ी की लकड़ी है!” मुलं ओरडायची. “तुम्हारी लोहड़ी एक रात की, मेरी पेटी साल भर की,” असं आपल्या सांगलीछाप हिंदीत सुनावून त्या चालू लागायच्या. मी संकोचून मागे राहिले की म्हणायच्या, “लाजतेस काय, धर ते टोक.”

यंदा लोहडीला ताई हॉस्पिटलात होत्या. मीही दिवसभर तिथेच. संध्याकाळी परतले तर कोपरा मोकळा. पेटी मोडून शेकोटीत घातली होती. खत गवतावर पसरलेलं, बाजूला तो पत्रा पडलेला. आमच्या समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे प्रधानजी म्हणतात, शेंगदाणे-रेवड्या वाटत होते. मी विचारलं, तर माणूस अगदी सहज म्हणाला, “टूटी-फूटी तो थी जी. और आंटीजी अब कहाँ वापस आने वाली हैं...” अहो, जिवंत होत्या त्या! उठता येत नसेल, पण जिवंत होत्या. मग मी तोंडाला येईल ते बोलले. मराठीत बोलले, त्यामुळे त्यांना कळलं नाही आणि इथे लिहिण्यासारखं ते नाही.

दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन गेले, तर पहिला प्रश्न, “खालची फळी बदललीस का गं?” खोटं बोलवेना. सांगून टाकलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तशाच म्हणाल्या, “आणि खत?”

“पसरलंय गवतावर.”

“मग भरून ठेव की पोत्यात. रडत काय बसलीस?”

भरून ठेवलं. पण त्या दिवसानंतर घरी गेल्यावर काय काय करायचं, हे त्यांचं बोलणंच थांबलं. तोवर रोज चालायचं ते. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. मला विचाराल तर ताईंनी घरी यायचा नाद तेव्हाच सोडला.

परवा प्रधानजी दारात उभे. पार्कात आंटीजींच्या नावाने झाड लावायचं ठरलंय, पाटीसुद्धा तयार आहे. “भाभीजी, सुना है उनकी खाद आपके पास है. थोड़ी मिल जाती तो... पेड़ अच्छा पकड़ेगा.” चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही. मला ठाऊक आहे, ताई असत्या तर स्वतः घमेलं भरून घेऊन गेल्या असत्या, वर खड्डा किती खोल हवा तेही सांगितलं असतं. मी ताई नाही. “नहीं है,” म्हटलं. मागे गॅलरीत पोतं उभं होतं, प्रधानजींना दारातून स्वच्छ दिसत होतं. दिसू दे.