डब्यातला पहिला घास

हॉस्पिटलात दादाच्या वॉर्डात कामाला असलेल्या मावशींचं माझ्या डब्यावर भारी लक्ष. मी दारात दिसले की त्या पदराला हात पुसत येणार, झाकण उघडणार आणि न विचारता पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकणार. वर शेरा ठरलेला, "तिखट लय कमी पडलंय गं आज." मला वाटलं, बाई हावरट आहे. त्यांची अंगकाठीही या संशयाला दुजोरा देणारी होती.

मग सिस्टरांनी समजावलं. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला ऐकू येणारे आवाज सांगतात, जेवणात विष आहे. डॉक्टरांचं, माझं, कुणाचंच त्याला पटत नाही. मावशींनी घास गिळलेला दिसला की मात्र तो जेवतो.

घटस्थापनेला मावशी अनवाणी आल्या. वणीच्या देवीचे नऊ दिवसांचे कडक उपास, चहासुद्धा नाही. मी म्हटलं, "मावशी, आज राहू द्या." पण दादा डब्याला हात न लावता त्यांच्याच तोंडाकडे बघत बसला. मावशींनी भाकरी मोडली, वांग्याच्या रश्शात बुडवली आणि सावकाश चावून गिळली. मग तो जेवला.

बाहेर नळावर त्या हात धूत होत्या. मी हळूच विचारलं, "उपास मोडला ना तुमचा?"

"मोडतोय कसा? तो घास त्याचा व्हता," त्या म्हणाल्या. "तू उद्या मीठ नीट टाक. नऊ दिवस असलं अळणी मला नाय चालायचं."