राजीनामा नामंजूर

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी कंत्राटदार झालो. त्याआधी चौतीस वर्षे पुण्यात एका सरकारी खात्याच्या निविदा शाखेत बसून मी कंत्राटदारांना पत्रे लिहीत होतो: मुदतवाढ नाकारणारी, खुलासा मागणारी, करारातल्या अमुक कलमाकडे लक्ष वेधणारी. निवृत्तीनंतर पत्नी गेली आणि मी नोएडाला मुलीकडे राहायला आलो. तिथे वर्षभरात सोसायटीला, वीज कंपनीला आणि प्राधिकरणाला मी इतकी पत्रे धाडली की मुलगी एके दिवशी हात जोडून म्हणाली, "बाबा, प्लीज, काहीतरी काम शोधा. नाहीतर ही सोसायटी उद्या आपल्यालाच नोटीस देईल."

काम आपणहून चालत आले. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे एक मराठी अधिकारी निवृत्तीला टेकले होते. गाझियाबादला त्यांचा प्लॉट होता, त्यावर तीन मजली घर उठवायचे होते, आणि दोन ठेकेदार काम अर्धवट टाकून पसार झाले होते. "तुम्ही कायद्यातले, शिवाय आपले," ते म्हणाले. "तुम्हीच घ्या अंगावर." मी घेतले. कंत्राटदाराने कसे वागू नये हे मला जितके ठाऊक होते तितके त्या शहरात कोणालाच ठाऊक नसेल, अशी माझी समजूत होती.

मजूर पुरवायला एक मुकादम मिळाला. तो तिथलाच, पन्नाशीचा, तोंडात सदा तंबाखू. मी हजेरीपट ठेवला, हेल्मेट सक्तीचे केले आणि मोठ्या अक्षरांत नियमांचा फलक लावला. त्यातला चौथा नियम असा: काम काही दिवस बंद राहिले असेल, तर परांचीची प्रत्येक बल्ली आणि प्रत्येक दोर मी स्वतः तपासल्याशिवाय कोणीही वर चढायचे नाही. मुकादम फलक वाचून मजुरांना म्हणाला, "लो भाई, साहब ने तो थाना खोल लिया।" सगळे हसले. मी हसलो नाही.

त्यांच्यात टीकमगढकडचा एक गवंडी होता. चाळिशीचा, सडपातळ, गिलाव्याचा हात असा की ओळंबा लावायची गरज पडू नये. हजेरीपटावर बाकीचे अंगठा उमटवत. तो आपले नाव लिहीत असे. एकेक अक्षर काढायला वेळ घेई, आणि मागे रांग खोळंबली तरी अर्धवट सही करून उठत नसे. मला तो माणूस आवडत असे. त्याची बायको त्याच जागेवर विटा वाहत होती.

थंडीत तिकडची हवा बिघडली की बांधकामावर बंदी येते. त्या वर्षी आमचे काम वीस दिवस बंद होते. बंदीचा लेखी आदेश मला कोणी बजावलेला नव्हता. तो वर्तमानपत्रातून कळला. ज्या आदेशाने माणसांची रोजी बंद होते तो आदेश रीतसर हातात देण्याची तसदीही ज्यांना घेववत नाही, त्यांच्याविषयी मला जो संताप वाटत होता तो मी चार पानांत उतरवला. बंदी उठली त्या सकाळी मी ते पत्र रजिस्टर करायला पोस्टात गेलो. रांग मोठी होती. तिकडे वीस दिवसांच्या दवात भिजून कुजलेल्या दोरांच्या परांचीवर, मला उशीर होतो आहे असे पाहून, मुकादमाने माणसे चढवली. दुसऱ्या मजल्यावर गाठ सुटली आणि गवंडी खाली विटांच्या ढिगावर पडला.

पहिले दोन दिवस मी सरकारी इस्पितळात त्याच्या उशाशी होतो. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. पायाला वजन टांगले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले: आत सळई घालावी लागेल, सहाव्या दिवशी शस्त्रक्रिया करू, तोवर त्याला इथून हलवायचे नाही, हलवलात तर पाय कामाचा राहणार नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी बसून कामगार कार्यालयासाठी अपघाताचा अहवाल लिहायला घेतला. दोष माझा आहे, जबाबदारी माझी आहे, हे मला त्यात निःसंदिग्ध शब्दांत मांडायचे होते. तेवढ्यात मुकादमाचा फोन आला.

"साहब, मिस्त्री राज़ीनामे पे मान गया है। आप बस कागज़ बना दो, साइन मैं करवा लाऊँगा।"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. पाय टांगलेल्या माणसाकडून राजीनामा! म्हणजे हजेरीपटावरून त्याचे नाव उडाले, की अपघात कोणाचा, असे विचारायला सगळे मोकळे.

"उससे राजीनामा किसने माँगा?"

"हमने ही समझाया, साहब। इसी में सबका भला है।"

"राजीनामा नामंजूर है। मैं लिखकर देता हूँ।"

"साहब, सोच लो। ग़रीब आदमी है।"

"गरीब है, इसीलिए!" मी ओरडलो.

आणि मी लिहून दिले. त्या पत्राची स्थळप्रत आजही माझ्याकडे आहे. विषय: राजीनामा अस्वीकार करने के संबंध में. मजकूर तीनच वाक्यांचा. आपले राजीनाम्याचे म्हणणे मला कळले. असा कोणताही राजीनामा मी कदापि स्वीकारणार नाही. यापुढील सर्व कार्यवाही केवळ कायद्यानुसार होईल. माझे हिंदी म्हणजे माझे मराठीच, शेवटी 'है' जोडलेले. पण हे पत्र मला निर्दोष वाटले होते. खाली सही केली, शिक्का मारला आणि मुकादमाच्या हाती इस्पितळात धाडले. एका माणसाची नोकरी मी वाचवली, या समाधानात पुढचे दोन दिवस मी अहवालाच्या चार प्रती तयार केल्या.

सहाव्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तर त्या खाटेवर दुसराच रुग्ण. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले.

"वो तो परसों चले गए, गाँव। उनके साहब का नोटिस आया था, कि मुक़दमा लड़ेंगे। घरवाली बहुत रोई। बोली, कोर्ट-कचहरी हमसे कहाँ होगी।"

मी तसाच कामावर गेलो. मुकादम वाळूच्या ढिगाजवळ उभा होता. मी त्याची गचांडी धरली नाही एवढेच. तू त्याला काय सांगितलेस, असे मी विचारले. तो चिडूनच बोलला, "जो आपने लिखा, वही सुनाया। हमने तो राज़ीनामा करवाया था, साहब। ठुकराया आपने।"

"अरे, त्याने काम का सोडायचं?" मी मराठीतच विचारले, आणि मग हिंदीत.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे काहीतरी त्याहून वाईट आले. बहुधा दया असावी. "काम छोड़ने को तो इस्तीफ़ा कहते हैं, साहब। राज़ीनामा माने आपस का समझौता। कि इलाज-ख़र्चा आप उठाओगे, वो केस नहीं करेगा। आपके यहाँ क्या कहते हैं?"

आमच्याकडे काय म्हणतात ते मी त्याला सांगितले नाही. अशा कागदांना कायद्यात कवडीची किंमत नसते. कामगाराला हक्क सोडायला लावणारा करार मुळातच पोकळ असतो. खरा अर्थ समजला असता, तरी मी तो कागद नाकारलाच असता. पण मग त्याच पत्रात मी आणखी एक वाक्य लिहिले असते: उपचार चालू ठेवा, सारा खर्च माझ्याकडे लागला. ते एक वाक्य पत्रात नव्हते, आणि त्या एका वाक्यावाचून एका बाईने आपल्या नवऱ्याच्या पायाचे वजन सोडवून त्याला रेल्वेच्या डब्यात चढवले होते.

त्यांचा फोन बंद होता. मुकादमाकडून गावाचे नाव घेतले, झाशीपर्यंत गाडीने गेलो, पुढे दोन बस बदलल्या. घराच्या ओसरीवर गवंडी पडलेला होता. मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, हाडवैदाचा लेप वाळून तडकलेला. मला पाहताच तो उठायला गेला. "बैठिए, साहब," तो म्हणाला. बायको दारातून हलली नाही.

"अब कौन-सा कागज़ लाए हो?"

मी तिला समजावले. दोन शब्द, दोन मुलूख, माझा हेतू. वाक्ये नीट जुळवून बोललो. तिने सगळे ऐकून घेतले.

"मतलब आपने मना नहीं किया था?"

"नहीं।"

"पर लिखा तो मना ही था।"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला झाशीच्या मोठ्या इस्पितळात हलवले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला आणि उशीर झाला एवढेच म्हटले. शस्त्रक्रिया झाली. पाय राहिला, पण दोन बोटांइतका आखूड. परांचीवर उभे राहण्याचा तो पाय नव्हे. गिलाव्याचे काम संपले.

मी अहवाल नव्याने लिहिला. परांची न तपासणे हा माझा पहिला दोष, आणि ते पत्र हा दुसरा, असे नमूद करून पत्राची प्रत मीच सोबत जोडली. घराचे मालक हादरले. "अहो, स्वतःविरुद्ध कोण पुरावा देतं? परस्पर मिटवा की! मला क्वार्टर सोडायचंय." मी त्यांना उत्तर दिले ते लेखी नव्हते, आणि छापण्यासारखेही नव्हते.

सुनावणीच्या दिवशी नवरा-बायको कामगार कार्यालयात आले. तो कुबडी घेऊन, ती मागून, तो तोल गेला तर सावरायला हात पुढे ठेवून. भरपाई देण्याला माझा काही आक्षेप नाही हे मी आधीच सांगितले होते, त्यामुळे फक्त एक निवेदन त्यांच्या सहीने दाखल व्हायचे होते. लिपिकाने तो कागद पुढे सरकवला. गवंड्याने पेन उचलले, तर बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पहले कोई पढ़ के सुनाए।"

लिपिक घाईत होता. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "साहब बैठे तो हैं। इन्हीं से सुन लो।"

"इनसे नहीं।"

"अरे, ये तो तुम्हारी ही तरफ़ से बोल रहे हैं!"

"बोल रहे होंगे," ती म्हणाली. "कोई और पढ़े।"

गवंडी खाली पाहत होता. पेन त्याच्या हातात तसेच होते. त्या निवेदनातला शब्द न् शब्द मी तपासलेला होता, त्यात एकही फसवा शब्द नव्हता, आणि हे तिला सांगण्याचा मला कसलाही अधिकार उरला नव्हता. मी उठलो आणि बाहेर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

तासाभराने दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी आलेली एक वकील बाई त्यांच्या बाकाशी थांबली. तिने कागद हातात घेतला आणि वाचू लागली. मी होतो तिथून शब्द कळत नव्हते, फक्त आवाज येत होता. तो दर थोड्या वेळाने थांबे. गवंड्याची बायको एका एका शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ विचारत होती.