मैदानाकाठची नारिंगी काठी

इथे अमेरिकेत आमच्या गावातल्या छोट्याशा विद्यापीठाने फुटबॉलचा संघ बंद केला, तरी शनिवारी दुपारी भांडी घासताना मला समोरच्या मैदानाच्या कडेला हे दिसतात. हे जाऊन तिसरं वर्ष लागलंय. अंगात तेच पिवळं जाकीट, हातात तीच नारिंगी काठी, नजर गवतावर. खिडकीतून हाक मारली तरी वळत नाहीत. जिवंतपणी तरी कुठे वळायचे म्हणा. मुलगा सारखा म्हणतो, घर वीक आणि प्लेनो शहरात माझ्याकडे चल. मी दर वेळी काहीतरी सबब पुढे करते. खरं कारण सांगितलं, तर तो मला प्लेनोऐवजी डॉक्टरकडे नेईल.

या संघाची कुळकथा इथे पोराबाळांना तोंडपाठ आहे. जिमच्या कॉरिडॉरमध्ये फोटो लावलेत, चामड्याच्या टोप्या घातलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांचे. महायुद्धात खेळायला मुलगेच उरले नाहीत, म्हणून संघ थांबला होता. पुढे कधीतरी एका बड्या विद्यापीठाला हरवलं, तेव्हा गावाने गोलचे खांब उपटून नदीत टाकले. ती गोष्ट तेव्हा जन्मालाही न आलेले लोक डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. एरवी आमचा संघ इमानेइतबारे हरायचा. हळूहळू येणारी मुलं कमी झाली, डोक्याला लागणाऱ्या माराची भीती वाढली, आणि मागच्या हिवाळ्यात एका ईमेलमध्ये सगळं आटोपलं.

हे तिथे गणित शिकवायचे. खेळाशी ह्यांचा संबंध काठीपुरता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. ते अंतर मोजायला साखळीने जोडलेल्या दोन काठ्या मैदानाच्या कडेला धरून उभं राहावं लागतं. आमच्याकडे गावातलेच लोक हौसेने हे काम करत. पंचाने खूण केल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि कुणाच्याही बाजूने ओरडायचं नाही, एवढंच पथ्य. ह्यांच्यासारख्या घुम्या माणसासाठी देवाने मुद्दाम काढून ठेवलेलं काम ते.

माझा स्वभाव अगदी उलटा. मुलगा हायस्कूलमध्ये खेळत होता तेव्हा एकदा मैदानात आडवा झाला. मी साडीचा ओचा खोचून, कडेचा दोर ओलांडून धावत आत गेले, त्याच्या हेल्मेटवरून हात ओवाळले आणि सगळ्यांदेखत कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. पंच शिट्टी वाजवायचा विसरला. पोरगा लगेच उठून उभा राहिला. ही गोष्ट मी गणपतीच्या प्रत्येक पॉटलकमध्ये, म्हणजे आपापला पदार्थ आणून जमलेल्या जेवणात, साभिनय सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. हे मात्र ताटातल्या भाताकडे बघत बसायचे.

मग तोच मुलगा ह्यांच्या विद्यापीठाच्या संघात गेला. दुसऱ्या वर्षी, एका ऑक्टोबरात, तो ह्यांच्या पुढ्यातच कोसळला. अंगावरचे तिघे उठले, हा उठेना. पाय नको त्या दिशेला वळलेला मला पार समोरच्या स्टँडमधून दिसला. मी उठले, तर शेजारणीने मला घट्ट धरून ठेवलं. आणि तिकडे चार पावलांवर सख्खा बाप काठी धरून उभा. स्ट्रेचर आलं, पोराला घेऊन गेलं, हे जागचे हलले नाहीत.

घरी आल्यावर मी विचारलं. हे एवढंच म्हणाले, "काठी हलली असती, तर खूण गेली असती."

मी त्या माणसाला जेवायला वाढलं, शेवटी शेवटी घास भरवले, पण ते वाक्य माफ केलं नाही. दगडालाही पाझर फुटतो, असं मी ह्यांना तोंडावर कितीदा तरी ऐकवलंय. हे ऐकून घ्यायचे आणि उठून बागेत जायचे.

या सप्टेंबरात मैदानावर पार्किंग करायचं ठरलं. जुन्या खेळाडूंनी हवं ते सामान घेऊन जावं, असा निरोप आला आणि मुलगा प्लेनोहून आला. जिममधल्या टेबलांवर हेल्मेटं, जर्सी, धूळ. त्याने तिकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातली नारिंगी काठी उचलली आणि लंगडत थेट मैदानाच्या कडेच्या त्या जागेवर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, ठेव ती, मला घरात नको. बापाला पोरापेक्षा ती काठी प्यारी होती.

तो म्हणाला, "आई, बाबांनी तुला सांगितलं नाही? मीच त्यांना प्रॉमिस करायला लावलं होतं. फील्डवर काहीही झालं तरी यायचं नाही."

का, असं मी विचारलं. तो काठीकडे बघत सांगू लागला. हायस्कूलमध्ये मी दृष्ट काढली, त्यानंतर वर्षभर मुलं त्याला कॉरिडॉरमध्ये गाठून बोटं मोडून दाखवायची. त्याने ते फक्त बाबांना सांगितलं होतं.

"मी पडल्यावर त्यांच्याकडे बघितलं. ते रडत होते, आई. काठी सोडायलाच निघाले होते. मीच मान हलवून नको म्हटलं."

मला एकदम तो ताटातला भात आठवला. माझी हशा पिकवणारी गोष्ट शाबूत राहावी, म्हणून ह्या माणसाने जन्मभर माझ्याकडून दगड म्हणवून घेतलं. मला इतका राग आला ह्यांचा, आणि इतकी माया, की मी तिथेच गवतावर बसले.

पुढच्या शनिवारी मुलगा वरच्या मजल्यावर खोकी भरत होता; घर विकायला मी अखेर हो म्हटलं होतं. मी नळ बंद केला. हे होतेच. ओल्या हातांनीच रस्ता ओलांडून गेले. जवळ जाईपर्यंत तिथे कुणी उरलं नव्हतं, नुसतं दबलेलं गवत होतं. तरी मी ह्यांच्या उंचीचा अंदाज घेऊन समोर उभी राहिले.

"अहो, सोडा आता ती काठी," मी म्हणाले. "तो केव्हाच उठलाय."

मग हवेतच वरपासून खालपर्यंत हात ओवाळले आणि कानशिलांवर बोटं मोडली. दहाही वाजली.