जाईन, पण तुम्ही सांगता म्हणून नाही

मी तशी भित्री भागूबाई. झुरळ दिसलं की खुर्चीवर, साहेबाचा फोन आला की ताडकन उभी. नाशिकला कॉलेजात असताना एक तास बुडवला नाही आणि इथे कतारला, दोह्यात, इतकी वर्षं गाडी चालवून कधी दंड भरला नाही. आणि अशा बाईला गाणी आवडतात ती कोणाची, तर दारू पिऊन तुरुंगात जाऊन आलेल्या, बायकोने घराबाहेर काढलेल्या, शेरीफला, म्हणजे तिथल्या फौजदाराला, तोंडावर उलट बोलणाऱ्या अमेरिकन गिटारवाल्यांची! आउटलॉ कंट्री म्हणतात त्या गाण्यांना. नवरा म्हणतो, "तुझ्या त्या दरोडेखोरांना जरा हळू आवाजात गायला सांग."

ही लागण इथल्या वेस्ट बे भागातल्या ऑफिसात झाली. टेक्सासची एक बाई आमची मॅनेजर होती. ती परत गेली, गाणी राहिली. आम्ही चौघं जेवायच्या सुट्टीत पँट्रीत बसून ती ऐकतो: मी, केरळचा एक अकाउंटंट, फिलिपिन्सची एक डिझायनर आणि एक लेबनीज प्लॅनर. चौघांपैकी एकानेही आजवर साहेबाला "नाही" म्हटलेलं नाही. चौघांचाही इथला मुक्काम नोकरीला बांधलेला. ती गेली की सामान बांधायचं. मला वाटतं, म्हणूनच आम्हाला ती गाणी कधी शिळी होत नाहीत. ज्यांना खरोखर उठून जाता येतं ते जातात, गाणी ऐकत बसत नाहीत. ती ऐकायला आमच्यासारखे लागतात.

त्यातलं एक आमचं फार लाडकं. शेरीफ गाणाऱ्याला गाव सोडून जायला सांगतो आणि तो म्हणतो, जाईन, पण तुम्ही सांगता म्हणून नाही. त्या ओळीवर मी एकदा पँट्रीत हात झटकला, आपण "गेलास उडत" म्हणताना झटकतो तसा. बाकीच्यांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून त्या ओळीला चार हात एकदम झटकायला लागले. अकाउंटंट तर "गेलास उडत" हे शब्दही शिकला आणि अगदी मन लावून म्हणायला लागला.

त्या दुपारी मुलीला शाळेतून घेऊन ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी येत होते. सिग्नल लाल होता. गाणं नेमकं त्या ओळीवर आलं आणि माझा हात आपोआप खिडकीकडे झटकला गेला.

"मम्मा, दॅट अंकल इज लुकिंग ॲट यू," मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली.

डावीकडे एक मोठी पांढरी गाडी उभी होती. माझ्या बाजूला एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, काळ्या अबायात, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या पलीकडून गाडी चालवणारा माणूस पुढे वाकला होता. त्याने मोबाइल उचलला आणि माझा फोटो काढला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा मला सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं.

रस्त्यात कुणाला अपमानाची खूण करणं हा इथे पोलिसांचा मामला आहे, हे इथे नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं. आणि एका बोटापायी परत पाठवलेल्या कुणाची तरी गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते. मी तर अख्खा हात झटकला होता.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनातून फोन आला, उद्या सकाळी या. बोलणारा अगदी सभ्यपणे बोलत होता, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरले. नवरा म्हणाला, "काही होत नाही. गाणं म्हणत होते म्हणून सांग, खलास." असं म्हणून तो फ्रीज उघडून नुसताच उभा राहिला.

मला कोठडीची भीती नव्हती असं नाही, पण खरी भीती परत पाठवतील याची होती. आता नाशिकला काय वाईट आहे? दर दिवाळीला आम्ही "पुढच्या वर्षी परत" म्हणतो. सासूसासरे वाट बघत बसलेत, नवऱ्याने तर तिथल्या घराला कुठला रंग द्यायचा तेही ठरवून ठेवलंय. म्हणायला मीही तेच म्हणत आले होते. तरीही त्या संध्याकाळी मी सोफ्यावर बसून फोनमधली ती सगळी गाणी एकेक करून काढून टाकली. चोराच्या मनात चांदणं.

स्टेशनात तरुण अधिकारी होता. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. नवरा मागे दाराजवळ बसला. तक्रार करणारे गृहस्थ समोर होते, पन्नाशीचे, थकलेल्या चेहऱ्याचे. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू इंग्रजीत एवढंच म्हणाले, "त्या बाजूला माझी आई बसली होती. ती मला विचारत होती, मी त्या बाईचं काय वाईट केलं?"

भीती होतीच, त्यावर आता शरमही आली. मी माफी मागितली आणि गाण्याचं सांगितलं.

"लावा ते गाणं," अधिकारी म्हणाला.

मी फोन काढला आणि मला आठवलं. "नाही माझ्याकडे. काल काढून टाकलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "का?"

"भीती वाटली म्हणून."

अधिकारी म्हणाला, "म्हणून दाखवा."

पोलीस स्टेशनात शेरीफला उलट बोलणारं गाणं मी म्हटलं. पहिल्या कडव्याला आवाजच फुटेना. ती ओळ आली तेव्हा मी मांडीवरचा हात उचलला आणि घाबरत झटकला. शेजारच्या टेबलावर काहीतरी लिहिणारा पोलीसही लिहायचा थांबला.

"या ओळीचा अर्थ काय?" अधिकाऱ्याने विचारलं. त्याचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. अर्थ त्याला कळला होता. पण विचारलं म्हटल्यावर सांगणं भाग होतं.

"तो म्हणतो, मी इथून जाईन, पण तुम्ही सांगता म्हणून नाही."

मग अधिकाऱ्याने विचारलं, "आणि तुम्हाला जायचंय?"

"नो सर!" मी केवढ्याने ओरडले! "प्लीज सर. मला नाही जायचं. हे माझं घर आहे. मला कुठेच जायचं नाही."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग अरबीत काही बोलले आणि उठले. अधिकाऱ्याने सांगितलं, "ते म्हणतात, गाणं होतं असं आईला सांगतो. खलास. जा तुम्ही." मी त्या गृहस्थांना शुक्रन म्हटलं, अधिकाऱ्याला म्हटलं, पाणी आणून देणाऱ्या पोऱ्यालाही म्हटलं. जिवात जीव आला होता, रडूही येत होतं.

गाडीत नवरा चालवायला बसला, पण किल्ली फिरवेना.

"घर म्हणालीस," तो म्हणाला.

"अरे, घाबरले होते मी."

"तेच तर. घाबरलेलं माणूस काय खोटं बोलणार."

पुढच्या वर्षी जाऊच की, असं नेहमीसारखं म्हणून टाकता आलं असतं, पण म्हणवेना. आत त्या टेबलासमोर बसले होते तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती.

तो समोरच्या काचेतून बघत होता. रागावलेला दिसत नव्हता. त्याने गाडी सुरू केली आणि विचारलं, "मग आईबाबांना कोण सांगणार, तू की मी?"