काकूंची उभी मीटिंग

"आधी बस, मग बोल."

काकूंचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. मंडीदीपला कारखान्यात जाणारी आमची स्टाफ बस सकाळी भोपाळहून निघायची. कुणी धापा टाकत चढलं आणि काही सांगायला तोंड उघडलं, की खिडकीशी बसलेल्या काकू पिशवी मांडीवर घ्यायच्या, अंग चोरून जागा करायच्या आणि म्हणायच्या, "आधी बस, मग बोल." हिंदीवाल्यांना, "पहले बैठ, फिर बोल." एकदा मागच्या चाकातून धूर येतोय हे सांगायला पुढे धावलेल्या माणसालाही त्यांनी हाताला धरून आधी बसवलं होतं. बस थांबायला त्यामुळे जरा उशीरच झाला.

आमचा कारखाना साबणाचा. काकू पॅकिंगला, मी ऑफिसात. पट्ट्यावरून वड्या सरकत यायच्या, बायकांनी त्या उचलून खोक्यात भरायच्या. अख्खी पाळी उभ्यानं. बसायला काही नाही, आणि मशीनला टेकायलाही बंदी. "बैठे तो नींद आती है," हे सुपरवायझरचं शास्त्र. हे तो खुर्चीत बसून सांगायचा आणि दुपारी त्याच खुर्चीत पेंगायचा!

काकू मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे भोपाळला आल्या. तो अकाली गेला, पदरात लहान मुलगी, म्हणून काकू पॅकिंगला लागल्या. कारखान्यात सगळे त्यांना 'काकूजी' म्हणायचे. बऱ्याच जणांना तर ते त्यांचं नावच वाटायचं. इतकी वर्षं भोपाळात काढूनही त्यांची हिंदी साताऱ्याचीच राहिली. "मेरा तो हो गया साहब, पण पोरींचं काय?" असं वाक्य त्या बिनधास्त साहेबासमोर टाकायच्या, आणि गंमत म्हणजे साहेबाला ते कळायचं.

त्या कामाला लागल्या तेव्हा वाटेवरच्या मिसरोदच्या पुढे नुसती शेतं होती. आता भोपाळ कुठे संपतं आणि मंडीदीप कुठे लागतं, ते बसमधून कळतच नाही. नवीन कॉलनी दिसली की काकू म्हणायच्या, "बघ, एवढं शहर वाढलं. सगळ्यांना जागा झाली, फक्त आमच्या पोरींना बूड टेकायला मिळत नाही."

संध्याकाळी परतताना त्या चपला काढून पाय पिशवीवर ठेवायच्या. पोटऱ्यांवर निळ्या शिरा तटतटलेल्या. मला बघवायचं नाही. मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "तू खिडकीबाहेर बघ गं."

युनियन होती, नव्हती असं नाही. आमचे पुढारी गेटवर असं भाषण ठोकायचे, की ऐकता ऐकता चहावाल्याचं दूध उतू जायचं. बोनस, ओव्हरटाइम, कॅन्टीनची पातळ डाळ, सगळ्यावर बोलायचे. काकूंनी लाइनवर बसायला स्टुलं मागितली की मात्र, "काकूजी, पहले बड़े मुद्दे." काकू मान डोलवायच्या आणि लाइनवर परत जायच्या.

मग सुनीताचं झालं. सुनीता त्यांच्या शेजारी उभी राहायची. सहावा महिना लागलेला. एक दिवस घेरी आली म्हणून ती उलट्या क्रेटवर टेकली, तर सुपरवायझरनं खालून क्रेट ओढला. पोरगी पडता पडता वाचली. काकूंनी तिला धरलं, पाणी पाजलं. आरडाओरडा नाही की काही नाही. जेवणाच्या सुट्टीत पुढाऱ्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "अगली मीटिंग में मैं आती."

मॅनेजरबरोबरच्या त्या मीटिंगची टिपणं घ्यायला मी होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मॅनेजर नवा, तरुण आणि मोठा अदबशीर. काकूंना पाहून तो उठलाच. "आइए अम्मा, बैठिए."

"नहीं साहब. खड़े रहने की आदत है."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आईच्या वयाची बाई समोर उभी असताना खुर्चीत बसायचं कसं? मॅनेजर अर्धा बसला, परत उठला. युनियनची मंडळी मात्र ऐसपैस बसली होती. काकूंनी एकेकाकडे नुसतं पाहिलं. एकेक जण उठला, पुढारी सगळ्यात शेवटी. मग मी तरी कशी बसणार? वही तळहातावर धरून मीही उभी.

चहा आला, उभ्यानं प्यालो. बोनस झाला, ओव्हरटाइम झाला, डाळीवर तर रामायण झालं, काकूंची स्टुलं यादीत सगळ्यात शेवटी. मॅनेजर कधी या पायावर, कधी त्या पायावर. शेवटी त्यानं हळूच कपाटाला पाठ लावली.

"टेकने का नहीं, साहब," काकू अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "लाइन पे मना है."

अगं बाई! पुढारी छताकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं, गेली काकूंची नोकरी. मॅनेजर कपाटापासून सरळ झाला. त्यानं काकूंच्या पायांकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला आणि मग एकदम हसला.

"स्टूल आ जाएँगे, अम्मा. अब बैठ जाऊँ?"

"लिख के दो, फिर बैठो."

त्यानं उभ्यानंच सही केली. मग सगळे असे धपाधप बसले, की खुर्च्या करकरल्या. काकू बसल्या नाहीत. "काम पडलंय," म्हणून निघूनही गेल्या.

स्टुलं आली. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी बसल्या, आणि काकूंची मात्र फजिती! बसल्यावर हातच चालेनात, वड्या उलट्या पडायला लागल्या. "मेलं, हे काही जमत नाही गं," म्हणत त्या उठल्या, तर तोच क्रेट ओढणारा सुपरवायझर धावत आला. "काकूजी, बैठिए! रूल है!" तोंडाला पदर लावून हसत हसत काकू परत बसल्या. सुनीता इतकी हसली, की तिलाच पाणी द्यावं लागलं.

काही महिन्यांनी काकू रिटायर झाल्या आणि मुलीकडे इंदूरला गेल्या. रविवारी मी फोन करते. काय करताय विचारलं, की ठरलेलं उत्तर, "उभी आहे ओट्याशी." आणि लगेच पुढचा प्रश्न, "स्टुलं आहेत ना गं? काढली नाहीत ना कुणी?" आपली पाठ फिरली की स्टुलं जातील, ही धास्ती त्यांच्या मनातून जाईना.

खोटं कशाला सांगू, धास्ती मलाही होती. गेल्या आठवड्यात ती खरी व्हायची वेळ आली. स्टुलं देणारा मॅनेजर बदलून गेला होता. नवा लाइनवर आला आणि म्हणाला, स्टुलांनी जागा अडते, हटवा. बाळंतपणानंतर कामावर परतलेली आमची सुनीता उठली. आपलं स्टूल त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, "पहले बैठिए साहब, फिर बोलिए." तो बावचळून बसला. सुनीता समोर उभी राहिली, आणि तिच्या मागे एकेक करत सगळी लाइन. बसल्या बसल्या त्यानं सगळ्यांकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "ठीक है, रहने दो."

रविवारी हे सगळं मी काकूंना सांगितलं. पलीकडून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं," काकू म्हणाल्या, "बसले बाई. आता परत पहिल्यापासून सांग."