भाड्याचं नको म्हणून नेलेलं शीड

तुम्ही चहा घ्या, गार होईल. मी बोलतो. वाद हरून फजीत झालेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण वाद जिंकून, समोरच्याकडून स्वच्छ कबुली घेऊन, आणि मग तोंडघशी पडलेला माणूस पाहिलाय कधी? नसेल, तर इकडे बघा. हाच तो.

माझं दुकान ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत. टेंट हाऊस. गाद्या, खुर्च्या, कढया, पराती, कनाती, सगळं भाड्याने. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण याच दुकानात झालं. काशीतल्या मराठी घरात मुंज असो की लग्न, माणूस आमच्या पायरीवर येणारच. मणिकर्णिकेवर घरचं माणूस पोचवून परतलेल्यालाही तेराव्या दिवशी पंगत घालावी लागते, आणि पंगतीला भांडी लागतात. म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर तर येतंच, नंतरही त्याची माणसं येतात!

अभय माझा एकुलता एक मुलगा. पुण्याची नोकरी सोडून घरी आला होता. हैदराबादच्या एका कंपनीचं बोलावणं त्याच्या हातात होतं, पण त्याने अजून हो म्हटलं नव्हतं. रोज सकाळी माझ्याबरोबर दुकानात येऊन बसायचा. हमालांची नावं पाठ केली. गिऱ्हाइकाला पाणी विचारायचा. मी वरून काही बोलत नव्हतो, पण आतून नुसता फुलत होतो. पोरगा दुकान घेतोय! आजोबांनी मांडलेलं, वडिलांनी वाढवलेलं, मी सांभाळलेलं. मला आयुष्यात आणखी काय हवं होतं?

एक दिवस तो म्हणाला, "बाबा, चार दिवस गोव्याला जाऊ. आई, तुम्ही, मी. तिथे निवांत बोलू आणि दुकान की हैदराबाद, ते ठरवून टाकू."

"इथे नाही ठरत?"

"इथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी कढई मागायला येतं हो."

ते खरंच होतं. मी हो म्हटलं. मग म्हणाला, "आणि मी तुम्हाला विंडसर्फिंग करून दाखवतो."

हे काय प्रकरण, ते मला तेव्हाच कळलं. पुण्याजवळच्या धरणावर सुट्टीच्या दिवशी जाऊन शिकला होता. एक लांब फळी, तिच्यावर डोलकाठी, काठीला शीड, आणि ते शीड धरून भर पाण्यात उभा राहिलेला माणूस. आमच्या गंगेवरच्या नावेत निदान बसायला तरी मिळतं!

"आणि हे सामान?" मी विचारलं.

"किनाऱ्यावर भाड्याने मिळतं ना."

भाड्याने! माझ्या मुलाने! मंडळी, आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, ती बाहेर कुणी बोलत नाही. टेंट हाऊसवाला स्वतःच्या घरच्या कार्याला भाड्याचं सामान वापरत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात गोदाम गाद्यांनी भरलेलं असताना वडिलांनी कापूस पिंजून नव्या गाद्या भरून घेतल्या होत्या. का? कारण जुन्या गाद्यांवर कोण कोण लोळून गेलंय, ते आम्हालाच ठाऊक.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "आपण आपलं सामान घेऊन जाऊ."

"बाबा, ती फळी किती लांब असते माहितीय? छोड़िए ना."

"छोड़िए काय? मी वरातींचे घोडे नेलेत नावेतून पलीकडे. फळीचं काय घेऊन बसलास?"

आता काशीत असली फळी मिळणार कुठे? पण मी व्यापारी माणूस. अलाहाबादकडे एक बोट क्लब बंद पडला होता, त्याचा माल विकायला निघाला होता. तिथून फळी, काठी आणि शीड उचलून आणलं. फळी बरी होती. शीड मात्र ऊन खाऊन पापडासारखं झालं होतं. उलगडलं, तर हातात तुकडे!

पण घाबरायचं कशाला? कापडाचा धंदा माझा! आमचे मुन्ना मास्टर मंडप शिवतात, त्यांच्यापुढे तुकडे जुळवून ठेवले. म्हटलं, "याच मापाचं, पण मजबूत. समुद्राचा वारा आहे."

मास्टरांनी सांगितल्याबरहुकूम केलं. पावसाळी मांडवाचं जाड कापड, दुहेरी. बाहेरून लाल-पिवळी कनात, तिच्यावर आंब्याची कोयरी. आणि हाताला सवय म्हणून खालच्या कडेला झालर!

बायको बघतच राहिली. "अहो, हे शीड आहे की जावयाचं आसन?"

"मजबूत आहे," मी म्हटलं.

अभय पुढे आला. कापडावरून हात फिरवला, हसला, आणि म्हणाला, "ठीक आहे बाबा. नेऊ." माझ्यासाठी म्हणाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

फळी पार्सलच्या डब्यात चढवताना हमालांनी मला काय काय म्हटलं, ते बायकामुलांसमोर सांगण्यासारखं नाही. शीड मात्र मी आमच्या डब्यात घेतलं. ते बाकाखाली मावेना, म्हणून आम्ही तिघं पाय वर घेऊन बसलो. समोर भुसावळचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनाही पाय वर घ्यावे लागले.

"हे काय हो?" त्यांनी विचारलं.

झालं! मला तेवढंच हवं होतं. सगळी हकीकत सांगितली. मास्तर म्हणाले, "अहो, पण किनाऱ्यावर भाड्याने मिळत असताना एवढा उपद्व्याप कशाला?"

अभय म्हणाला, "मी तेच म्हणत होतो."

आता दोघं एका बाजूला आणि मी एकटा. असा प्रसंग आला की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, "मास्तर, भाड्याचा धंदा काय असतो, ते मला विचारा. तीन पिढ्यांचा आहे. गादीवर डाग पडला की आम्ही अनामत कापतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग तो डाग आम्ही धुतो का?"

"म्हणजे? धूत नाही?"

"धुवायचा कशाला! तोच डाग पुढच्या लग्नाच्या पार्टीला दाखवायचा. मग त्याच्या पुढच्या. माझ्याकडे एक डाग असा आहे, की त्याने माझ्या गोदामाचं छप्पर नवं केलं!"

मास्तर गुडघे थोपटून हसले. बायकोने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. अभयने विचारलं, "खरंच, बाबा?"

"खरंच म्हणजे? ऐकून ठेव. डुगडुगत्या खुर्च्या असतात ना, त्या कुणाकडे पाठवायच्या?"

"कुणाकडे?"

"मुलीकडच्यांच्या मांडवात. मुलीचा बाप लग्नात भांडत नाही."

मास्तर परत हसले, पण जरा कमी. त्यांना मुली होत्या की काय, कोण जाणे. अभय पुढे सरकून बसला. मला वाटलं, पोरगं आता मन लावून शिकतंय! मग मी थांबतो कशाला?

"आणि भांडी? गळकी कढई, चेमटलेल्या पराती, कान तुटलेले डबे, ते सगळं कुठे खपतं?"

"कुठे?"

"तेराव्याला! घरात दुःख असतं. दोन आठवड्यांपूर्वी माणूस गेलेला. परात मोजायला आणि वाकडी आहे म्हणून ओरडायला कुणाला सुचतंय? जे पाठवाल ते निमूट घेतात, आणि वर हात जोडतात."

मास्तर या वेळी हसले नाहीत. अभयने विचारलं, "आपण असं नेहमी करतो?"

"सगळेच करतात," मी म्हटलं. "म्हणून सांगतो, भाड्याने देणाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही. समुद्रात मोडकं सामान देतील, बुडालास तर तुझीच चूक म्हणतील. अनामत गेलीच समजायची!"

"पटलं," अभय हळूच म्हणाला.

ऐकलंत? पटलं म्हणाला! मी मास्तरांकडे असं बघितलं, जसा कुस्ती मारलेला पैलवान पंचांकडे बघतो. त्यानंतर अभय वरच्या बाकावर जाऊन पडला. गोवा येईपर्यंत फारसा बोलला नाही. मी बायकोच्या कानात म्हटलं, "विचार करतोय. धंद्यातल्या खाचाखोचा डोक्यात मुरतायत."

ती म्हणाली, "तुमचं तोंड कधी मुरणार?"

किनाऱ्यावर पोहोचलो. तिथे माडाच्या झावळ्यांची एक टपरी, तिच्यासमोर रंगीत शिडं ओळीने लावलेली. मालक सावियो म्हणून गोवेकर होता. म्हणाला, "घ्या ना काका, आज वारं बरं आसा."

मी त्याची एक फळी उलटी करून बघितली. "हे ओरखडे?"

"समुद्रात जाता ती, ओरखडे येतलेच."

"आणि अनामत घेताना हे ओरखडे कुणाच्या नावावर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. अभय म्हणाला, "चला बाबा, आपलं आहे ना." आणि माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेला.

मग आमचं शीड उभं राहिलं. लाल-पिवळं, कोयऱ्यांचं, खाली झालर वाऱ्यावर थरथरतेय! दहा मिनिटांत गर्दी. एक गुजराती कुटुंब जवळ आलं. त्यातल्या बाईंनी आमच्या हिला विचारलं, "बहनजी, शादी किसकी है? खाना किधर लगा है?"

अभयने फळी पाण्यात ढकलली. कंबरभर पाण्यात गेला, वर चढला. शीड आडवं पाण्यात, दोरी ओढून ते उभं करायचं असतं. त्याने ओढलं. हललं नाही. पाणी पिऊन ते दुहेरी कापड म्हशीएवढं जड झालं होतं. पुन्हा ओढलं. अर्धं वर आलं आणि त्याला घेऊन पाण्यात गेलं. पुन्हा चढला. पुन्हा गेला. किनाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

माझ्याच्याने बघवेना. मी धोतर खोचलं.

"अहो, कुठे चाललात?" बायको ओरडली.

"दाखवतो त्याला! उभी हयात मांडव उभारलेत!"

पाण्यात शिरलो, शिडाचं टोक धरलं आणि वर उचललं. नेमकी तेव्हाच लाट आली आणि वाराही आला. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की चारही बाजूंनी कोयऱ्या होत्या, नाकातोंडात खारं पाणी होतं, आणि झालर माझ्या गळ्याभोवती होती. बाहेर काढलं कुणी? सावियोने आणि अभयने मिळून. धोतर कुठे गेलं, ते अरबी समुद्राला विचारा. मला त्याच झालरीत गुंडाळून वर आणलं.

सावियोने नारळपाणी दिलं. म्हणाला, "काका, फळी बरी आसा तुमची. शीड माझं घ्या. फाल्यां, उद्या, दिया परत."

म्हणजे बघा, भाडंही मागत नव्हता! आणि मी, झालरीत बसलेला, काय म्हटलं असेन? "नको. भाड्याचं आम्ही वापरत नाही."

अभय तेव्हा पाण्याकडे बघत उभा होता. वारा छान होता. दूर दुसऱ्यांची शिडं सरसर चालली होती. मी त्याला म्हणायला हवं होतं, जा रे, घे त्याचं शीड. पण मी म्हटलं नाही. तोही घेतो म्हणाला नाही.

पुढचे दिवस आम्ही वाळूत बसून काढले. शीड वाळत घातलं होतं, ते काही वाळलं नाही. अभय रोज संध्याकाळी मला हाताला धरून पाण्यापर्यंत नेऊन आणायचा, आईला शंख वेचून द्यायचा. एकदाही सावियोकडे गेला नाही. मला वाटलं, बापाचा शब्द राखतोय. केवढा अभिमान वाटला मला!

शेवटच्या संध्याकाळी मीच विषय काढला. "मग? काय ठरलं? दुकानाच्या गादीवर कधी बसतोस?"

त्याने पायाने वाळू सारखी केली. "बाबा, मी हैदराबादला हो कळवलंय."

"का?" मी त्याच्याकडे वळलो. "तुला तर दुकान आवडत होतं!"

"आवडत होतं ना. घरून निघालो तेव्हा तुम्हाला हो सांगायलाच निघालो होतो."

"मग वाटेत झालं काय?"

"गाडीत तुम्ही सांगितलंत ना सगळं. ते डाग. त्या खुर्च्या. मी आठवत होतो, दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीला घरी आलो असताना शिंदे घाटाजवळच्या काकू गेल्या, तेव्हा त्यांच्या तेराव्याची भांडी मीच पोचवली होती. त्यांच्या मुलाने मला हात जोडले होते."

मंडळी, तेव्हा मी काय केलं सांगू? वाद उलटा फिरवला! म्हटलं, "अरे, ते गाडीतलं बोलणं होतं. मास्तरांना हसवायला. धंदा इतका काही वाईट नाही. भाड्याने देणारी चांगली माणसंही असतात. तो सावियो बघ, फुकट देत होता!"

"मग त्याचं शीड आपण का नाही घेतलं, बाबा?"

मी झालरीशी चाळा करत बसलो. अभय माझ्याजवळ सरकला, खांद्यावर हात ठेवला. रागावला नव्हता. तो रागावला असता, तर मी त्याला सहज गुंडाळला असता.

"तुम्ही समजावलंत ते मला मनापासून पटलंय," तो म्हणाला. "ज्यावर तुमचा चार दिवसांचाही भरवसा नाही, ते मी जन्मभर कसं करू?"

बायको डोळ्याला पदर लावून बसली होती. ती पदराआडून म्हणाली, "बोला ना आता. इतकं बोलता, बोला."

काय बोलणार? उभ्या जन्मात हजारो गिऱ्हाइकांशी बोललो असेन. कुणी अर्धं पटून गेलं, कुणी नाइलाजाने पटलं, कुणी घरी जाऊन फिरलं. इतकं पुरतं पटलेलं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळालं होतं.